सालीचं जाळं

डॉर्कस पार्डी गाताना डोळे मिटायची नाही.
लोक म्हणत, त्यामुळे भावना पोचत नाही.
ती म्हणायची, डोळे मिटले तर
कोण रडतंय आणि कोण बिल न देता सटकतंय
हे कळायचं कसं?

मी अ‍ॅम्ब्रोज. एकतीस वर्षं तिच्या डाव्या हाताला
अकॉर्डियन घेऊन उभा.
डाव्याच, कारण उजवा कान सोळाव्या वर्षीच
मासळीच्या कारखान्यातल्या यंत्राने खाल्ला.

तिथेच पहिली गाणी झाली.
डोकं इकडे, आतडी तिकडे, सुरी पुसायची,
आणि ओळ तोंडात धरून ठेवायची
भोंगा होईपर्यंत.
कागद भिजायचा, म्हणून कडवी आखूड.
पुढे टोरांटोच्या कुणा समीक्षकाने
त्याला शैली म्हटलं.
तिने मला ते दोनदा वाचायला लावलं.

भाऊ ईलाय गेला त्या नोव्हेंबरात
होडी सापडली, तो नाही.
गाण्यात तिने समुद्राला एकही वाईट शब्द वापरला नाही.
फक्त जाळ्याचं सांगितलं:
स्प्रूसच्या सालीत उकळलेलं, तपकिरी,
हाताला आठवडाभर वास ठेवणारं,
आणि कडेला एक गाठ, उलटी,
कारण तो डावखुरा.
चार कडवी. ध्रुवपद नाही.

रेकॉर्ड निघाली. तीनशे प्रती,
त्यातल्या दोनशे दहा तिच्या पलंगाखाली.
आम्ही चर्चच्या तळघरांत वाजवलं,
युनियनच्या सभागृहांत, धुक्यात अडकलेल्या फेरीबोटीवर.
मानधन कधी बटाटे, कधी मूसची मांडी,
एकदा न वटलेला चेक.
तो तिने चौकट करून संडासात टांगला.
नवरा केला नाही. एकाने विचारलं होतं,
पण त्याला ठेका धरता येत नव्हता.

मग समुद्रातला मासाच संपला.
कारखान्याला कुलूप. पोरं आल्बर्टाला,
तेलाच्या छावण्यांत.
सामानाबरोबर त्यांनी गाणं नेलं,
नाव मात्र नेलं नाही.
नावाला वजन असतं, गाण्याला नसतं.

हॅलिफॅक्सच्या एका पबमध्ये, पावसाच्या रात्री,
एक मुलगी गिटार जुळवत म्हणाली,
आता एक पारंपरिक गाणं, कवी अज्ञात.
पहिल्याच ओळीला डॉर्कसने ग्लास खाली ठेवला.
"मी अज्ञात आहे, अ‍ॅम्ब्रोज," ती पुटपुटली,
"म्हणजे आज बिल तुझं."

तिसऱ्या कडव्यात मुलीने म्हटलं, चांदीचं जाळं.
मी खुर्ची सरकवली. डॉर्कस आधीच उठली होती.
टाळ्या थांबेपर्यंत थांबली, मग म्हणाली,
"पोरी, चांदीचं नाही, सालीचं.
चांदीचं जाळं माशाला लांबून दिसेल."
मुलगी गोड हसली. म्हणाली, आजी,
मी मूळ पाठच म्हणते.

परतीच्या बोटीवर मी तडकलो.
सांगायचं होतंस! एका वाक्याचं काम होतं!
ती कठड्याला टेकून सिगारेट पेटवायला बघत होती,
वारा पेटवू देत नव्हता.
"तिसऱ्या ओळीत ती मध्ये श्वास घेत नाही,"
एवढंच म्हणाली.
"मला कधी जमलं नाही ते."
आणि उरलेल्या वाटेत ती ओळ
न थांबता म्हणून बघत राहिली. खोकली. पुन्हा म्हटली.

मार्चमध्ये गेली. जमीन इतकी गोठलेली
की पुरायला मे उजाडला.
गावात माणसं मावत नव्हती.
आल्बर्टाहून पोरं आली, टक्कल पडलेली,
त्यांची पोरं आली, समुद्र न पाहिलेली.
सगळ्यांना गाणं पाठ.

तिसरं कडवं आलं
आणि शंभर तोंडांतून एकदम: चांदीचं.
मी भाता ओढला, आणि जेवढा आवाज उरलाय तेवढ्याने
म्हटलं: सालीचं.

पुढच्या बाकावरची दोन-तीन डोकी वळली.
बिचारा, त्यांना वाटलं असणार,
म्हातारा शब्द विसरला.