पंचवीस–पंचाहत्तर

पहिल्या दिवशी फळ्यावर मी गणित लिहीत नाही.
लिहिते: अंतर्गत पंचवीस, लेखी पंचाहत्तर.
पंचविसात दहा चाचणीचे, दहा जर्नलचे,
पाच वागणुकीचे.
वागणूक म्हणजे काय, कोणी विचारत नाही.
सगळे जसंच्या तसं उतरवून घेतात
आणि खाली दुहेरी रेघ मारतात.

हजेरी पंचाहत्तर टक्के. त्याखाली वागणूक शून्य.
दोन्ही खात्यांत वेगळं पास व्हायचं.
जर्नलला उशीर झाला तर दिवसाला एक गुण वजा.
पायऱ्यांना गुण आहेत, नुसत्या उत्तराला नाहीत.
हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचते,
त्या कागदावर तेवढंच एक मला पटलेलं आहे.

सात दहाचा तास, अंधेरी, खोली तीनशे चार.
फळ्याच्या उजव्या बाजूला कोणाचा तरी ताळेबंद,
त्यावर चौकट करून ‘पुसू नये’.
उरलेल्या जागेत मी सीमा शिकवते:
तुम्ही मला एप्सिलॉन द्या, कितीही लहान,
मी डेल्टा शोधून देते.
मृण्मयी बागवे मागून म्हणाली,
“मॅडम, ही तर घासाघीस झाली.”
वर्गात मी हसले नाही. घरी जाऊन हसले.

रोल नंबर एकशे अठरा, दर्पण तांडेल.
जर्नल चार दिवस उशिरा. पानं फुगलेली,
शाई पसरून वजाचे अधिक झालेले.
पण सातव्या प्रश्नात, जिथे बाकी सगळ्यांनी
एकच फुगा एकमेकांकडून फुगवून घेतला होता,
त्यानं खारदांड्याचं पाणी मांडलं होतं.
किती वाजता किती चढतं, कुठे वेग सर्वांत जास्त,
उधाणाचे आकडे वेगळे, भांगाचे वेगळे.
आणि कडेला, पेन्सिलीनं:
‘पाणी सगळ्यात वर असतं तेव्हा ते कुठेच जात नसतं.
म्हणून विकलज शून्य. होडी तेव्हाच काढायची.’
उत्तर चुकलं होतं. साध्या वजाबाकीत.

जर्नल नऊ. उशिराचे चार वजा. पाच.
चाचणी चार.
हजेरी साठ टक्के, म्हणजे वागणूक शून्य.
नऊ. लागतात दहा.

वर्गात मी सांगितलं होतं,
सीमेला त्या बिंदूवर काय घडलं याच्याशी देणंघेणं नसतं,
जवळ जाणं पुरतं.
निकालाला मात्र तो बिंदूच दिसतो,
आजूबाजूचं काही नाही.

मस्टर उघडलं. सहज, बोट फिरवायला.
नऊ दिवस हजर, सहा दिवस नाही.
पुन्हा नऊ. पुन्हा सहा, एखादा इकडेतिकडे.
जूनपासून सप्टेंबरपर्यंत फळ्यावर मी
इतकं स्वच्छ आवर्ती फलन काढलेलं नाही.
पहाटे भरती असली की पोरगा नाही,
भरती पुढे सरकली की पोरगा दुसऱ्या बाकावर.
आपल्या वेळापत्रकात चंद्र नव्हता, एवढंच.

मी तासिका तत्त्वावर आहे.
शिकवला तर तास, नाही तर नाही.
मे महिन्यात माझाही विकलज शून्य असतो,
आणि तेव्हा मी कुठल्याही शिखरावर नसते.

पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं.
चार अठ्ठेचाळीसला वागणुकीच्या रकान्यात एक लिहिला.
चौकट लाल झाली. खाली पट्टी आली,
‘नियमाबाहेर. कारण नमूद करा.’
मी टाइप केलं: भरती.

दोन मिनिटांत ऑफिसमधून हडकरांचा फोन.
“मॅडम, भरती कसली?
आपल्याकडे भरती बंद आहे ना, किती वर्षं झाली?”

हो, म्हटलं. ते मला माहीत आहे.
तुम्ही तेवढा एक चढवून घ्या.