टाकीवरनं

ड्रोन हुबळीहून आणला, बारा हप्त्यांवर.
खोक्यावर चिनी अक्षरं, आत चार पाती, दोन बॅटऱ्या
आणि घडी घातलेला एक कागद, मला न वाचता येणारा.
तसं तर माझ्या शेताचा उताराही
शेजारच्या पोराकडनं वाचून घ्यावा लागतो.

पंधरा लग्नं काढली त्यावर.
येळ्ळूर, कडोली, उचगावचा माळ.
नवरा-नवरी खाली गोल फिरायची, मी वर.
पंगतीतली माणसं भात हातात धरून आभाळाकडं बघायची.

आणि गावची लक्ष्मी बावीस वर्षांनी गदगेवर बसणार होती.
कमिटीचे परशरामबापू म्हणाले,
भरमा, रथ वरनं पायजे.
भंडारा उडताना गाव कसं दिसतंय
ते अजून कुणीच बघितलं नाही बघ.

अंगणात ड्रोन ठेवला, मोबाईलवर नकाशा उघडला.
तळं होतं, हायस्कूल होतं, आमचा गोठासुद्धा होता
आणि सगळ्यावर एक लाल वर्तुळ,
कुणी पेला उपडा ठेवून पेन्सिल फिरवावी तसं.
पाती हललीच नाहीत.

तळ्यापलीकडं सांबऱ्याची धावपट्टी.
पहाटे तिथली पोरं पळतात,
त्यांचं एक-दो-एक आमच्या धारेत मिसळतं.
म्हशीला सवय आहे.
मला वाटलं होतं, मलाही आहे.

मरिहाळच्या ठाण्यात हवालदार ईरण्णांनी फॉर्म पुढं ओढला.
कंपनी? सांगितली.
कुठल्या देशाचा? सांगितलं.
पेन थांबलं.
चहा मागवला त्यांनी, मग मराठीत म्हणाले,
माझ्या भाच्याचं लग्न तूच काढलास की रे,
खरं आभाळ माझ्या हद्दीत नाही.
त्यो वर जाऊन काय बघतोय, कुणाला सांगतोय,
ठावं हाय काय तुला?

नव्हतं.
हप्ते माझे, डोळा त्याचा,
डोळ्यामागं कोण बसलंय हे कधी विचारलंच नव्हतं.

हद्द आम्हाला नवी नाही.
दुकानाच्या पाटीवर ती आहे, एसटीच्या थांब्यावर आहे,
सोयरीक जमवताना तर हमखास निघते.
जमिनीवरच्या रेघेशी भांडायला आम्ही पाळण्यातच शिकतो.
ही आभाळातली रेघ पहिल्यांदा बघितली.
तिच्यावर कुठल्याच भाषेत पाटी नव्हती.
भांडायचं तर कुणाशी?

यात्रेदिवशी पाण्याच्या टाकीवर चढलो.
एकोणसाठ पायऱ्या, गळ्यात जुना कॅमेरा,
मागं सातेरी माझा पट्टा धरून,
खाली बघू नको म्हणत स्वतः खालीच बघणारा.
रथ हलला. गाव पिवळं झालं.

ड्रोनला नुसता पिवळा ढग दिसला असता.
टाकीवरनं माणसं दिसत होती.
नागूमावशीची एक चप्पल गेलेली,
दुसरी हातात घेऊन ती रथाला हात जोडत होती.
परशरामबापू कुणालातरी शिव्या देत होते, डोळे पुसत.
एक घार लाल वर्तुळात शिरली, फिरली, निघून गेली.

आणि गर्दीच्या कडेला एक पोरगा,
केस बारीक कापलेले, पाठ ताठ, कपडे साधे,
भंडाऱ्यानं कानापर्यंत माखलेला.
कुणीतरी त्याला उचलून खांद्यावर घेतला होता.
तोंड उघडं, ओरडत होता काहीतरी,
नक्कीच एक-दो-एक नव्हे.

आठ दिवसांनी तो दुकानात आला.
फोटो पाहिजे म्हणाला हिंदीत, आईला पाठवायला.
मी स्क्रीनवर काढून दाखवला.
बराच वेळ बघितलं त्यानं.
मग बोट ठेवलं त्याच्या डोक्यामागच्या एका ठिपक्यावर,
धावपट्टीच्या दिव्यावर.
भैया, ये हटा दो.

दिवा पुसला.
फोटोत आभाळ जरा जास्त झालं.
पैसे मी घेतले नाहीत,
त्यानं तरी काउंटरवर ठेवले,
नोटांना अजून हळद होती.