आउटची वेळ

अंबडच्या शेडवर, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेतीनला मी पोरं मोजत होते.
दोनशे बारा.

आई केव्हाच संपलेली.
काम झालं म्हणून टेस्टनं तिला पाडलं
आणि पाटीवर हिरवं लिहिलं: पास.
पोरं राहिली मागं.
खिडकी नसलेले ब्राउझर,
कोणी विचारेल म्हणून उत्तर हातात धरून बसलेले डेटाबेस,
आणि एक, पोर्ट आठ हजार ऐंशीवर
अशी मांडी घालून, की नव्यानं येणाऱ्याला
उंबऱ्यावरूनच परत फिरावं लागे.
मग पाटी लाल.
दोष नव्याचा.

मराठीत पोर आणि पोरकं
हाताच्या अंतरावर आहेत.
यंत्रातही. आई गेली की सगळी
एक नंबरच्या पदरात पडतात,
जो सर्वांआधी उठतो आणि शेवटी निजतो.
आमच्याकडं एक नंबरला बसवली होती
सहा ओळींची स्क्रिप्ट.
तिला पदरच नव्हता.

परवा वैतागून मी सरसकट मारलं,
नावावरून. त्या नावाचं दिसेल ते.
त्यात तन्वीरचा डेमो गेला,
क्लायंट समोर बसलेला असताना.
तन्वीर काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी मिसळ मागवताना
मला मोजलं नाही, एवढंच.

खाली उतरले. डिसेंबर.
निफाडकडची थंडी गेटच्या लोखंडाला चिकटलेली.
भोये, पेठ तालुक्यातले, कानाला मफलर,
मांडीवर रजिस्टर.
खालच्या बेअरिंगवाल्यांची पाळी बाराला सुटलेली,
तरी गेट अर्धं उघडं.
‘एक जण राहिलाय. इन आहे, आउट नाही.’
‘गेला असेल सही न करता.’
‘असेल. पण मला माहीत नाही ना.’
दोनदा फोन उचलला नव्हता. तिसऱ्यांदा लावला.
पलीकडून झोपेतली शिवी.
‘ते राहू दे. निघालास किती वाजता?’
लिहिलं: बारा सात.
मग कुलूप.

मग, रजिस्टर मिटता मिटता,
‘माझ्याकडं पण एक आउट राहिलाय.’
बायको. तीन वर्षं झाली.
रेशनकार्डावर नाव तसंच.
तिचा तांदूळ ते उचलत नाहीत.
तहसीलला जायचं, दाखला लावायचा, नाव कमी करायचं.
‘कशानं गेली, विचारतील.’
आणि मफलर सोडून पुन्हा बांधला.

वर आले.
पोरं जन्मतानाच एका गटात बांधली,
म्हणजे तन्वीरचं कोणी हाताशी येणार नाही.
आधी हळू सांगायचं: आवरा.
पाच सेकंद. हातातलं खाली ठेवायला तेवढे लागतात.
नाहीच ऐकलं, तर ते दुसरं सांगणं,
जे ऐकून घ्यायलाही कोणी उरत नाही.
आणि शेवटी ती ओळ, जी मी दोन वर्षं गाळत आले:
वाट पाहा.

मेलेल्याची वाट पाहायची.
कसा गेलास, एवढं विचारायचं,
त्याचा आकडा हातात घ्यायचा.
नाहीतर तो यादीत राहतो.
खात नाही, पीत नाही, मारून मरत नाही.
एक ओळ अडवतो, बस.

पाच चाळीसला मोजले. शून्य.
पुन्हा मोजले,
शून्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.
पाटी हिरवी झाली, पण हिरवी तर ती
आधीही होत होती.

गेटवर भोयेंनी पेन पुढं केलं.
मी लिहिलं: पाच बावन्न.
पाथर्डी फाट्याकडं एक रिकामी बस वळत होती,
मी तिच्यामागं धावणारच होते.
‘मॅडम,’ भोये म्हणाले,
बोट रकान्यावर ठेवून,
‘सही राहिली.’