डाग

बाबांनी लिफाफा सरकवला टेबलावरून,
बार्लीच्या चहाचा पेला त्यावर ठेवला, उडू नये म्हणून.
खिडकी बंद होती.
"काढून टाक ते," म्हणाले.
"ते" म्हणजे काय, हे आमच्या घरात विचारावं लागत नाही.

छातीच्या हाडाखालून उतरून उजवीकडे वळलेला,
सुताराच्या गुण्यासारखा काटकोनातला वण.
तिथून माझं निम्म्याहून जास्त यकृत
त्यांच्या पोटात गेलं, चार वर्षांपूर्वी, मार्चात.
राहिलेलं तीन महिन्यांत भरून आलं.
कातडीला तेवढी अक्कल नसते.

तीस वर्षं ते उल्सानच्या गोदीत
जहाजांची पोटं जोडत होते.
माझी पट्टी सुटली तेव्हा खाटेशी आले,
सलाइनचा खांब ढकलत,
माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले,
"असला जोड मी केला असता तर
मुकादमानं घासून पुन्हा करायला लावला असता."
आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्याआधी रविवारी पहाटे आम्ही न्हाणीघरात जायचो,
गल्लीच्या टोकाच्या, जुन्या.
हिरव्या खरबरीत हातमोज्यानं ते माझी पाठ घासत,
मी त्यांची.
मग केळ्याचं दूध, ओल्या केसांनी, उभ्या उभ्या.
आता म्हणतात, पाणी फार कढत असतं,
रक्तदाब आहे.

डॉक्टर नामगुंगांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर,
खाली तळलेल्या कोंबडीचं दुकान.
"पुसला जाणार नाही हं," त्यांनी आधीच सांगितलं,
"आवाज खाली येईल, एवढंच."
सहा खेपा, दोन खेपांत सहा आठवडे,
आणि ऊन लागू द्यायचं नाही.

ह्येरिम नावाच्या नर्सनं डोळ्यांवर काळा चष्मा चढवला,
गार हवेची नळी पोटावर धरली.
"रबर ताणून सोडल्यासारखं वाटेल, ग्यूहान-सी."
वाटलं. मी मोजत राहिलो. एकशे बारा.
जळक्या केसांचा वास.
डाग जावा म्हणून डागायचं,
हे कुणाला सुचलं असेल पहिल्यांदा?

बाहेर बाबा, गुडघ्यांवर पंजे ठेवून.
"उजेडाकडे बघितलंस?"
"नाही."
"बघायचं नसतं."
सात वर्षांचा असताना गोदीच्या फाटकाशी
त्यांनी माझे डोळे झाकले होते याच पंजानं,
आणि बोटांच्या फटीतून मी तरीही पाहिलं होतं,
निळं, पांढरं, रात्रभर पापणीआड नाचणारं.
ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आधी वांग्यासारखा जांभळा झाला.
मग गुलाबी. मग कडा बसत गेल्या.
चौथ्या खेपेला मी कंटाळलो,
बाबा नाही. ते तारखा कॅलेंडरवर खडूनं लिहीत,
जहाजावर खुणा करायच्या त्याच खडूनं.

नोव्हेंबरात, जेवताना, मुळ्याकडे बघत:
"उद्या पहाटे जाऊ."

वाफेत ते आधी उतरले.
सर्जन लोक त्यांच्या वणाच्या आकाराला मर्सिडीज म्हणतात,
जन्मात मिळालेली एवढीच.
जाड, चकाकती, दोरासारखी वर आलेली.
मी मुद्दाम सावकाश वळलो.

त्यांनी अंगठा लावला.
हल्ली डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर विश्वास.
वरून खाली आणला, थांबले,
परत वर गेले.
"वळतं कुठे?"
मी त्यांचा अंगठा धरून कोपऱ्यावर नेला.
"हं," म्हणाले. बराच वेळ तिथेच ठेवला.

"तुमचाही करून घेऊ. डॉक्टर सवलत देतील."
"हा राहू दे."
"का?"
"जोडाशेजारी नंबर ठोकतात वेल्डरचा.
उद्या काही झालं, तर काम कुणाचं ते कळायला हवं."

पाण्यात कुणीतरी खोकलं.
हातमोजा पिळत ते म्हणाले,
"पाठ कर."
फार जोरात घासलं.
मी काही बोललो नाही.