दुसरा पिंजरा

भुईआवळी रायजाबाईनं दाखवली,
पारव्याच्या नाल्याकडं, तुरीच्या धुऱ्यावर.
उपटण्याआधी मुळाशी दोन तांदूळ ठेवले तिनं.
मी वहीत लिहिलं: संकलन, सकाळी आठ.

सात दिवस अल्कोहोलात. मग गाळणं, आटवणं.
लाइन गेली की पानठेल्यावरून बर्फ.
शेवटी उरला बोटभर काळा-हिरवा चिकटा,
वास ओल्या कडब्याचा.

तीन पिंजरे, सहा-सहा उंदीर,
शेपटीवर मार्करच्या रेघा.
पहिल्याला नुसतं पाणी.
दुसऱ्याला विष.
तिसऱ्याला विष आणि भुईआवळी.

सांगायला गेले पांढरकवड्याहून एसटीनं.
गुण आला, म्हटलं. मोबाइलवर फोटो दाखवले:
एक यकृत पिवळं, भिजल्या पिठासारखं,
एक तांबूस, जवळजवळ धड.

तिनं पिवळ्यावर बोट ठेवलं.
"याले काहून नाई देली?"
तुलना लागते, म्हणाले मी. त्याशिवाय कसं कळणार?
"मले इचारलं असतं."

मी आकडे सांगितले. एसजीपीटी, सरासरी.
पोरीनं पाढे म्हणावे तसे ऐकले तिनं.
मग तांबड्या फोटोवर बोट:
"अन् हा? हा तं बरा झाला होता ना वं?"

पोट उघडल्याशिवाय
बरा झाला हे दिसत नाही, रायजाबाई.
हे मी म्हटलं नाही.
चहा संपवला.

निघताना तिनं डब्यातून मूठ भरली,
माझ्या रुमालात तांदूळ बांधले.
एसटीत मोजले.
अठरांना छत्तीस लागले असते.
भरले एक्केचाळीस.