खाणीतून आलेलं कार्ड

किमान गरजांची यादी मी फ्रिजवर चिकटवली,
वीजबिलाच्या शेजारी.
मेमरी सोळा जीबी. माझ्याकडे सहा,
चार आणि दोन, न जुळलेलं जोडपं,
आणि तिसरा खाचा मेलेला,
कधीतरी सांडलेल्या त्या कॉफीपासून.

हा कॉम्प्युटर मी हप्त्यांवर घेतला
बितोमच्या ट्राम डेपोत लागले त्या हिवाळ्यात.
शेवटचा हप्ता फिटला
त्याच आठवड्यात त्याचा पंखा पहिल्यांदा ओरडला.
मुलगा फोनवर म्हणतो, आई, नवाच घे ना.
तो व्रोत्सवाफला असतो. पगार बरा आहे.
त्यानं आयुष्यात स्क्रू हरवलेला नाही.

कार्ड झाब्झेच्या एका पोराकडून घेतलं,
स्टेशनबाहेर, चिखल झालेल्या बर्फात.
अंड्यांच्या खोक्यातून त्यानं ते काढलं, म्हणाला,
खोटं सांगत नाही, दोन वर्षं मायनिंगला होतं,
रात्रंदिवस. पण गॅरेज थंड होतं.
मी चाळीस झ्वोटी पाडून घेतले.
त्याच्या खरेपणाचेच पाडले,
हे ट्राममध्ये लक्षात आलं.

घरी पाहते तर नाकापेक्षा मोती जड.
कार्ड पेटीहून बोटभर लांब.
करवत मागायला खाली गेले
तर करवतीसोबत एरविन कोवोलच वर आले,
वय एकोणऐंशी, त्यातली सव्वीस वर्षं जमिनीखाली.
कुठून आणलंस?
म्हटलं, खाणीतून.
कुठल्या?

मग समजावत बसले:
आकडे खोदतात, कोळसा नाही.
कोडं सोडवायचं, नाणं निघतं,
ते नाणं हातात येत नाही,
वीज मात्र ढीगभर जाते.
आणि वीज कशाची? त्यांनी विचारलं.
कोळशाची, मी म्हटलं.
हं, म्हणाले,
आणि पंख्याच्या पात्यावर नख फिरवून कान लावला.
बेअरिंग गेलंय. धुळीत राबलेल्याचा आवाज असा येतो.
आता ते खोकतील म्हणून मी थांबले.
खोकले नाहीत.

शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, काडीच्या टोकावरून.
डिस्कचा पिंजरा करवतीनं कापला,
लोखंडाचा कीस ओल्या वर्तमानपत्रावर झेलला.
प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळक्या चुन्यासारखी,
ती मी नखानं खरवडली, तसं करायचं नसतं.
मेमरी नवी घेतली, पॉवर सप्लायही.
यंदा बूट नाहीत.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही.
दुसऱ्यांदा किटली चालू होती, सगळ्या मजल्याचा फ्यूज गेला.
तेव्हापासून नियम असा:
चहा आधी, गेम नंतर.

गेममध्ये डोंगराच्या पोटात उतरायचं असतं,
कपाळावर दिवा.
सेटिंग मध्यम. सेकंदाला एक्केचाळीस चित्रं,
वळणावर एकोणीस,
कार्ड घाई करतं, जुना प्रोसेसर जिना चढतो.
तरी ओल्या खडकावरून उजेड असा घसरला
की मी की-बोर्डवरून हात काढला.
बघा, एकेका थेंबात दिवा आहे, मी म्हटलं.

एरविन स्टुलावर, टोपी मांडीवर.
उजेड फार आहे, म्हणाले. खाली एवढा नसतो.
मी कमी केला.
अजून.
अजून.
करता करता पडदा काळा ठिक्कर,
कोपऱ्यात फक्त तो हिरवा आकडा, एक्केचाळीस.
हं. आता.

एवढा खर्च, एवढी करवत,
आणि आम्ही दोघं काळोखाकडे बघत बसलेलो.
डावीकडे वळ, ते म्हणाले, वारा तिकडून येतोय.
वारा कार्डाच्या पंख्याचा होता, कोमट, तेलकट.
मी वळले.
पडले.
पुन्हा सुरू केलं.