लाल चोपडी

आईनं दोन डझन हुक आणायला धाडलं होतं.
एप्रिल शहाऐंशी, शुक्रवार, कोपरीचा बाजार,
लधारामचं दुकान.
कुणाच्या तरी हळदीचा ब्लाउज उद्या द्यायचा होता.
मी परतले साडेआठला, हुकांशिवाय,
आणि मार खाल्ला तो वेगळा.

दुकान ते केवढं! आत दोन माणसं,
गोटांची रिळं, बटणांच्या बरण्या,
फॉलच्या गठ्ठ्यावर टेकवलेला चौदा इंची टीव्ही.
बाहेर साठ-सत्तर डोकी, आडव्यातिडव्या सायकली,
भाडी नाकारून उभे रिक्षावाले.
माझी उंची कमी, म्हणून मला काउंटरच्या आत घेतलं.
तिथून मॅच कमी दिसली,
त्याचा हात जास्त.

तो लिहीत होता.
लाल चोपडीत, उधारीच्या मागच्या पानांवर.
नाव उजवीकडून निघायचं, वळणं घेत, ठिपके सांडत.
आकडे मात्र डावीकडून.
"आकडा आमच्यात पण तुमच्यासारखाच चालतो," तो म्हणाला, न बघता.
एका ओळीत माणूस तिकडून यायचा, त्याची कमाई इकडून,
आणि मधे कुठंतरी दोघं थबकायचे,
हो की नाही न ठरलेल्या धावेसाठी
पळत सुटलेल्या फलंदाजांसारखे.

शेवटचा चेंडू. त्यांना हव्यात चार.
पुढचं तुम्हाला माहीत आहे.
नसेल, तर घरातल्या पन्नाशीच्या कुणालाही विचारा,
आधी थोडा वेळ तो गप्प बसेल.

बाहेर एक सायकल पडली. कुणी उचलली नाही.
लधारामनं सहा लिहिला.
त्याच शाईनं, तेवढाच,
वरच्या एकेरी धावांहून तसूभर मोठा नाही.
मग पेनाला टोपण लावलं.

नुकती मिशी फुटलेला एक जण ओरडला,
"शेठ, तुमचे गाववाले जिंकले! पेढे काढा!"
काही हसले. काही नाही.
लधारामनं बटणांच्या बरणीचं झाकण घट्ट केलं
आणि आपल्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत म्हणाला,
"माझ्या गावाला टॉसला कोणी बोलावलाच नाय, बाबा."

मला वाटलं, त्याचं गाव वाईट खेळत असेल.
मी अकरा वर्षांची होते.

आता मी स्कोअरर आहे, रीतसर परीक्षा दिलेली.
ऐरोलीला, कोलशेतला, तापल्या पत्र्याच्या शेडखाली बसते,
या गोलंदाजाला हिरवी पेन्सिल, त्याला निळी.
पंचांनी हात वर केला की मीही हात वर करते,
एवढंच आमचं बोलणं.

त्यांच्याशी मॅच असली की माजिवड्याला
आमच्या सोसायटीत पडदा लागतो.
गालांवर रंग, बटाटेवड्यांची पातेली,
फटाके दुपारीच आणून जिन्याखाली लपवलेले.
मीही ओरडते. खोटं कशाला बोलू?
त्यांची विकेट पडली की अजून माझ्या पोटात
जिलबी तळली जाते.
पण मांडीवर वही असते,
आणि वहीवर आला की हात ओरडत नाही.

दुकानात मोबाइलची कव्हरं लागली त्या वर्षी
त्याच्या सुनेनं, हर्षानं, चोपडी मला दिली.
"नेताय खऱ्या, पण उधारी कोण फेडणार?" म्हणाली, हसत.
त्याच्या बाजूनं उघडली तर आधी उधारी येते,
माझ्या बाजूनं उघडली तर आधी मॅच.
नावं मला वाचता येत नाहीत.
त्यातलं एखादं माझ्या आईचंही असेल,
दोन डझन हुकांपुढे.

ते पान मात्र अंदाजानं सापडतं.
तळाशी, सहाच्या शेजारी,
शर्टाच्या बटणाएवढा शाईचा डाग आहे.
टोपण लावायला त्याला
मला दिसला त्याहून जास्त वेळ लागला असणार.